सभागृहातला तुंबा

१४ मे
पुन्हा कोरम नाही! आमच्या प्रांतानं आपले कर आपण ठरवावेत, न्यायाधीश आपण नेमावेत — एवढ्या एका ठरावासाठी घसा फोडतोय. आणि आज आमच्याच बाजूच्या आमदारानं, डॉक्टर सोतेलोनं, घात केला.

सभेआधी नेहमीसारखा येर्बाचा, त्या कडू पानांच्या चहाचा, तुंबा फिरत होता. एकच तुंबा, एकच नळी, सगळ्यांची तोंडं. सोतेलोनं पहिलाच तुंबा परत देताना म्हटलं, "आभार." पोरासोरांनाही कळतं — न बोलता दिला तर पुन्हा भरा, 'आभार' म्हटलं तर आता मला नको.

लेआंद्रो, माझा थोरला भाऊ, सभापतीच्या खुर्चीवरून ओरडला, "काय डॉक्टर, राजधानीत जेवून आलात वाटतं!" सोतेलो टोपी उचलून निघून गेला. एक माणूस कमी पडला.

१५ मे
लेआंद्रो म्हणतो, "आपल्या आमदार लुसेरोला ताप असला तरी खाटेवर घालून सभेला आणतो, कोरम भरेल." मी हसलो. तो हसला नाही.

१८ मे
खाटेसकट आणलं! ठराव मंजूर! लेआंद्रोनं सगळ्यांदेखत मला मिठी मारली. किती बरं वाटलं.

२१ मे
राजधानीहून, बुएनोस आइरेसहून, एक तार. विधानसभा बरखास्त. कारभारी म्हणून एक कर्नल, बोटीनं, शिपायांसकट. आम्ही सगळे आमदार धक्क्यावर उभे राहून नुसते बघत होतो. दुसरं काय करणार?

२३ मे
लेआंद्रोला नेलं. बोटीवर कोंडलाय. दक्षिणेच्या बर्फाळ तुरुंगात पाठवणार म्हणे — त्याची छाती अधू, तिकडच्या थंडीत तो जगायचा नाही.

वहिनी रडत आल्या. "भाऊजी, तुम्ही आमदार ना? बोला की कुणाशी तरी!"

कुणाशी बोलू? मला धक्क्यावरही जाऊ देत नाहीत.

२४ मे
सोतेलो आला होता. "कर्नलच्या सल्लागार मंडळात एक जागा आहे. ठरावासाठी भांडलेल्या तुझंच नाव तिथं लागलं की ठराव आपोआप बुडतो. तू बैस, भाऊ घरी येईल."

हाकलून दिलं. दाराला कडी लावली.

२५ मे
देशाच्या राष्ट्रीय सणाचा दिवस. वहिनींनी लेआंद्रोसाठी लोक्रो, मक्याचं सणाचं कालवण, केलं, मी डबा घेऊन गेलो. शिपायानं धक्क्याच्या तोंडाशीच अडवून तो पाण्यात ओतला. उद्या बोट सुटणार.

२६ मे
गेलो. सभागृहात लेआंद्रोच्या खुर्चीत कर्नल. तुंबा आमचाच. फिरत फिरत माझ्याकडे आला. सोतेलो माझ्या तोंडाकडे बघत होता.

प्यालो. परत दिला. काही बोललो नाही.

त्यांनी पुन्हा भरला.