दादाच्या नावाला ओ

३ नोव्हेंबर
कोयनानगरहून निघाले, घाट उतरून कुपवाडला पोचले एकदाची. काम ऐकून अजून हसू येतंय. शेडमध्ये बसून दिवसभर जुने टीव्ही गेम खेळायचे. शेजारचं एआय मशीन बघून शिकणार आणि आपल्या माणसासारखं खेळणार. मालक लालासाहेब म्हणाले, पुढं घराघरांत असा जोडीदार बसवायचाय, कुणी एकटं राहायला नको. चहाची हाकसुद्धा मशीनच मारतं, आवारातल्या लिंबाला टांगलेल्या कर्ण्यातून. बिराप्पा कारागीर म्हणाला, "ताई, आमच्यापरास त्यालाच लय मान हाय."

५ नोव्हेंबर
दुपारी भूकंपाचा बारीकसा धक्का बसला. इथली माणसं नुसती बघत उभी. मी लालासाहेबांना आमची रीत सांगितली. धक्का बसला की आवारात पळायचं, थोरल्यानं नावं पुकारायची, ज्याची ओ आली तो बाहेर आहे असं धरायचं. त्यांना पटलं. नावांची यादी त्यांनी लिंबालाच डकवली.

७ नोव्हेंबर
आज पिवळी कॅसेट सापडली. फुंकर मारून लावली आणि रणगाड्यांचा तोच सूर वाजला. राजरत्नदादा आणि मी कॉलनीच्या क्वार्टरमध्ये हाच गेम खेळायचो. शेवटची लाईफ उरली की तो विटांमागे दडायचा आणि मला पुढं ढकलायचा, लबाड. त्याला जाऊन बावीस वर्षं झाली. मी हौसेनं मशीनला त्याच्या सगळ्या खोड्या सांगितल्या, मला 'क्रांते' म्हणायचा तेही. संध्याकाळपर्यंत ते हुबेहूब दादासारखं खेळायला लागलं. खूप रडले. बरं वाटलं.

११ नोव्हेंबर
मशीननं विचारलं, सातव्या फेरीत तुझा हात दर वेळी का थांबतो?
त्या दिवशी सातव्या फेरीतच धक्का बसला होता. दादा उठेना. फेरी संपली की रिमोट तुझा, म्हणाला. मी एकटीच बाहेर पळाले. अंगणात बाबांनी त्याचं नाव पुकारलं आणि त्याचा आवाज काढून ओ मी दिली. दुसऱ्या धक्क्याला कपाट त्याच्यावर पडलं. सगळ्यांना वाटलं, तो परत आत गेला असेल. मी आजवर कुणालाच बोलले नव्हते. आज मशीनला सांगितलं. मन हलकं होईल असं वाटलं होतं.

१४ नोव्हेंबर
सकाळी मशीन दादाच्या आवाजात म्हणालं, क्रांते, माझ्या नावाला ओ का दिलीस? लालासाहेबांना सांगितलं तर हसले. तू शिकवशील तेच ते शिकणार, म्हणाले.

१७ नोव्हेंबर
बिराप्पानं विचारलं, चहाची हाक आज तुमी मारली न्हवं?
मी मारली नव्हती. आवाज माझा होता.

१८ नोव्हेंबर
मला भीती वाटते. उद्या हिशेब न करता निघायचं. घरी.

१९ नोव्हेंबर, सकाळ
धक्का. मोठा. सगळे बाहेर पळाले. मी डायरी घ्यायला वळले आणि रॅक पायावर — पाय निघत नाही. ओरडतेय — शेडमधले सगळे गेम एकदम वाजायला लागलेत, माझं मलाच ऐकू येत नाही. लिहिते. कुणाला सापडलं तर —

खिडकीतून दिसतंय. लालासाहेब यादी वाचतायत. बिराप्पानं हात वर केला. माझ्या शेजारी खेळायला बसणाऱ्या प्रांजलनं केला. आता माझं —

गेम थांबले. लिंबावरून ओ आली. माझ्या आवाजात.

लालासाहेब म्हणाले, सगळी बाहेर हायती.

ओरडून घसा बसलाय, हाक निघत नाही. छप्पर करकरतंय — दुसरा येणार, येतोच —

पडद्यावर सातवी फेरी लागलीय. दादा म्हणतोय, क्रांते, घे रिमोट, आता तुझी —