गळतीचा रकाना

तात्या, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण आज मला मनसोक्त चिडायचंय आणि ऐकून घेणारं तुमच्याशिवाय कुणी आठवेना.

तुम्ही जन्मभर दूध थंड करायच्या यंत्रात जो गॅस भरलात, तो हवेत गेला की पृथ्वी तापवतो. म्हणून आता पर्यायी गॅस आलाय, कमी तापवणारा. तो खरंच किती कमी तापवतो, हे बारामती-इंदापूरच्या दूध शीतकरण केंद्रांवर जाऊन मोजायचं, ही माझी नोकरी. वर्षभरात गळालेल्या गॅसचा आकडा एका रकान्यात भरायचा, आणि त्यावरून बाकीच्या केंद्रांत कुठला गॅस जाणार ते ठरायचं.

दोन महिन्यांपूर्वी भवानीनगरच्या अलीकडच्या एका केंद्रावर गेले, तर मेकॅनिक पाना घेऊन बसलेला आणि पाइपातून फुस्स आवाज. गळती आहे का, विचारलं. "गळती न्हाय म्याडम, सोडतोय. ह्यो मिक्स गॅस. थोडा जरी उडाला तरी त्येचं प्रमाण बिघडतं, वरनं भर घालून चालत न्हाय. सगळा सोडायचा अन् नवा भरायचा." कुठं सोडता? "हवेत. आनि कुठं? पर्यावरणाचा गॅस हाय, काय व्हत न्हाय." गॅसच्या बाटल्यावर छापलेलं हिरवं पान दाखवून तो हसला. त्याच्यावर ओरडू तरी कशी? सोडलेला गॅस परत बाटल्यात ओढून घ्यायचं यंत्र त्याला कुणी दिलेलंच नाही.

मला तुमचा वजनकाटा आठवला, दुधाचे कॅन तोलायचाच. भरायच्या आधी बाटला काट्यावर, भरल्यावर पुन्हा काट्यावर, दोन्ही वजनं खडूनं भिंतीवर. कॉलेजच्या सुट्टीत मी डबा घेऊन आलेय. तुमचे हात ग्रीसचे, म्हणून वजन लिहायला मला सांगता, आणि मी बाटला न चढवताच अंदाजानं आकडा ठोकून देते. तुम्ही भिंतीकडं बघता, मग माझ्याकडं. "काटा म्होरं असताना डोळ्यानं का मोजतीस? शिकून ह्येच आलं का तुला?" कॅन उतरवणाऱ्या सगळ्या गड्यांसमोर, पोटच्या पोरीला! दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते.

तर मी बाटल्यांची वजनं घेऊन सोडलेला गॅसही मोजला. मेकॅनिक दरवेळी सगळाच्या सगळा सोडत राहिले, तर तुमचा जुना गॅस बरा म्हणायची पाळी येईल. साहेबांनी आकडा बघितला. "गळती म्हणजे आपोआप गेलेला. हा सर्व्हिसिंगमध्ये गेलाय. त्याला रकाना आहे का?" नव्हता. मी म्हटलं, सर, हवेला काय कळतंय तो कसा आला ते? रकान्याखाली मी लिहिलेली टीप त्यांनी शांतपणे खोडली. मग मी वरच्यांना पत्र लिहिलं, भांडले, बैठकीत रडलेसुद्धा, त्याचा तर मला अजून संताप येतो. उत्तर एकच, रकाना नाही.

काल मी सही केली, तात्या. सगळा गॅस सर्व्हिसिंगच्या नावावर, गळती शून्य. नोकरी जाईल म्हणून घाबरले, एवढंच.

तुम्ही असता तर मी रविवारी घरी आले असते, पोटभर जेवले असते, आणि यातलं एक अक्षर तुम्हाला सांगितलं नसतं.