यादव भैया

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. सकाळी १० वाजून २० मिनिटे. टेमघर, भिवंडी.
काँक्रीटच्या यंत्राखाली अंथरायची चटई धुऊन गॅलरीत वाळत घातली, हात पुसले आणि लिहायला बसलो.

प्रिय धम्मदिनाताई,

सप्रेम जय भीम. भावजी आणि मुलं बरी असतील. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत.

तू दोनदा फोन करून विचारलंस, बाबा अचानक नाशिकला का आले. मी म्हटलं, गुडघे दुखतात, बदल हवा होता. फोनवर मला खोटं पटकन सुचतं. लिहिताना प्रत्येक शब्दाचं ऱ्हस्व-दीर्घ बघावं लागतं, तेवढ्या वेळात खोटं टिकत नाही.

आधी धंद्याचं सांगतो. गोदामाची काँक्रीटची जमीन ओतून गुळगुळीत करून द्यायची, एवढंच माझं काम. ते करताना त्रास नाही. ते मिळवताना शिसारी येते. राहनाळला ऑफिसांबाहेर चार-चार तास बसायचं, मॅनेजरांना पानमसाला न्यायचा, त्यांच्या घाणेरड्या विनोदांना हसायचं. तीन ठिकाणी माझा दर पसंत पडला. मग संपूर्ण नाव विचारलं. भालेराव ऐकल्यावर तिघंही म्हणाले, घरी विचारून कळवतो. गोदामाच्या जमिनीचं घरी काय विचारतात?

म्हणून कार्डावर मी नाव टाकलंच नाही. नुसतं ‘एम. वाय. काँक्रीट’. दापोड्याच्या पंढरीशेठने नाव विचारलं तेव्हा म्हटलं, कामाला नाव ठेवू नका म्हणजे झालं, माझ्या नावाचं काय एवढं. तो खूश झाला. सहा हजार फुटांचं लहान गोदाम दिलं. हसताना माझा आवाज त्या मॅनेजरांसारखा येत होता.

२३ जानेवारीला ओतकाम होतं आणि माझा मिस्त्री आलाच नाही. माल कालवून झाला होता, थांबवता येत नव्हतं. मी बाबांना फोन केला. ते डबा न घेताच आले आणि दुखऱ्या गुडघ्यांवर बसून ओलं काँक्रीट सपाट करायचा पाटा ओढायला लागले. तेवढ्यात शेठ आला. त्याने त्यांना नाव विचारलं. बाबांनी नुसतं स्वतःचं नाव सांगितलं, “यादव.”

भिवंडीत यादव म्हटलं की लोकांना उत्तरेकडचं आडनावच वाटतं. शेठ लगेच हिंदीवर आला. “अच्छा, भैया है! जौनपूर का क्या?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं ‘माझे वडील’ म्हणायचं होतं. पण पुढचा प्रश्न आडनावाचा आला असता.

मी म्हणालो, “हां शेठ, पुराना मिस्त्री है अपना.”

ताई, त्यानंतर बाबा दिवसभर हिंदीत बोलले. शेठ निघून गेल्यावरही. माझ्याशीसुद्धा. “पानी कम डालो, सेठ,” असं मला म्हणाले. संध्याकाळी शेठ परत आला तेव्हा ते मजुरांच्या रांगेत उभे होते. मी त्यांच्या हातावर हजार रुपये ठेवले. त्यांनी ते कपाळाला लावले.

घरी येऊन मराठीत एकच वाक्य बोलले, “लेव्हल चांगली आली.” दोन दिवसांनी तुझ्याकडे निघाले.

आता कालचं. शेठने मोठं गोदाम द्यायला बोलावलं, बावीस हजार फूट. अट एकच, तो यादव भैया पाहिजे. या वेळी कोटेशनवर मी संपूर्ण नाव लिहून नेलं होतं: मिलिंद यादव भालेराव. शेठ बोट ठेवून वाचत होता. मधल्या नावावर बोट थांबलं.

“म्हंजे तो भैया?”

“माझे वडील.”

“मंग हिंदी कशाला बोलत होता?”

शेठ रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला आणि म्हणाला, “मला काय न्हाय रे. पन भागीदार हायेत. कागदावर एम. वाय.च राहू दे. आन् बापाला सांग, भैयाच बरा हाय.” आणि पंचवीस हजारांच्या उचलीचं पाकीट टेबलावर ठेवलं.

मी घेतलं. तिथेच बसून दुसरा कागद लिहिला, नावाशिवाय, एकही चूक न करता. पहिल्यांदा घाबरून बोललो, असं म्हणता येईल. काल घाबरलो नव्हतो. मला काम हवं होतं. तेव्हापासून तोंडाला चव नाही, आणि किळस शेठची कमी, माझीच जास्त येते.

आज दुपारी एक वाजता दापोड्याला जातो. पूर्ण नावाचा कागद शेठपुढे ठेवणार. त्याने घेतला तर काम करीन, आणि मिस्त्री दुसरा आणीन. नाही घेतला तर उचल परत.

हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस. ते माझ्याशी ज्या भाषेत बोलतील, त्या भाषेत ऐकीन.

तुझा,
मिलिंद

काम मिळवायचा खर्च: कार्डे ₹६००, मॅनेजरांचा चहा-मसाला ₹१,३४०, पेट्रोल ₹२,१५०. एकूण ₹४,०९०.
शेठची उचल: ₹२५,०००, पाकीट फोडलेलं नाही.
बाबांचे देणे: ₹१,०००. दिले होते. आज सकाळी यंत्राच्या पेटीत तसेच घडी घातलेले सापडले.