भिंतीवरचे फोटो

डीमन, ऑगस्ट २०२१

समताच्या पप्पांना कांताचा जयभीम. आम्ही इकडे परदेशात समताच्या घरी बरे आहोत, तिच्या बाळाला दोन दात आले. तुम्ही वेळेवर जेवता का?

जावईबापूंनी इटलीला नेलं होतं. एक दिवस समुद्राकाठच्या तीन गावांतून पायीच हिंडलो, घाई कसली ती नाही. तुमच्यासारखे म्हातारे दारात खुर्च्या टाकून बसलेले. बरं वाटलं.

एका भिंतीवर माणसांचे फोटो चिकटवलेले, खाली मोठ्या अक्षरात नावं. मी म्हटलं, "समते, इथंपण वाढदिवसाचे बोर्ड लावतात का गं?"

ती म्हणाली, "मम्मी, ही माणसं गेलीत. गावाला कळावं म्हणून लावतात."

एक जण तुमच्याच वयाचा होता, हसत होता. पुढच्या गावात मी भिंतीकडे बघितलंच नाही.

लसीचं काढलं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून लिहिते. शुगरची सुई रोज घेता, मग या एका सुईनं काय मरणार आहात? मी तिथं असते तर हाताला धरून रांगेत उभं केलं असतं. पण माझं परतीचं तिकीट दोनदा रद्द झालं.

हे वाचून तुम्ही घडी घालून खिशात ठेवाल आणि चौकात जाऊन बसाल, मला ठाऊक आहे. तरी लिहिलं. इथून दुसरं काय करू?

तुमची,
कांता