हळदीखालचा गाल

३ फेब्रु., मंगळ. अमरावती
सांस्कृतिक मंडळाचे सचिव चहाला. वर्षभराचं सगळं सूत्रसंचालन मलाच द्यायचं म्हणतात, पण. या माणसाचा ‘पण’ दुसऱ्या कपाबरोबर येतो. “सर, आवाज खणखणीत हाये तुमचा. पण आता स्टेजमांगं मोठा पडदा लावून राहिलो आपण. त्याच्यावर तुमी लय थकेल दिसता.” १ मार्चचा कार्यक्रम बघून ठरवणार.
आरशात पाहिलं. नाकापासून ओठापर्यंत दोन पाट. पाटबंधारे खातं खूश होईल.

८ फेब्रु., रवि.
गालात जेल भरून घेणाऱ्या बायकांवर दिवाळी अंकात मीच लिहिलं होतं. वाचून दाखवलं तेव्हा शोभा सगळ्यांत जोरात हसली. एरवी बायको माझ्या विनोदांना हसत नाही, तिचे सगळे ऐकून झालेले असतात.
आता तेच जेल मला. इथल्या दवाखान्यात एखादा वाचक भेटायचा. अकोल्याला जावं. अकोल्यात मला कोणी वाचत नाही, ही खंत पहिल्यांदाच कामी आली.

१७ फेब्रु., मंगळ. अकोला
घरी सांगितलं, प्रकाशकाकडे चाललो. जठारपेठेतला दवाखाना. डॉक्टर बाई तरुण, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही आणि हसूही नाही. सगळं नीट सांगितलं: हे जेल, त्यांच्या भाषेत फिलर, वर्षभरात विरतं, क्वचित रक्तवाहिनी अडते, दुखणं वाढलं किंवा कातडी पांढरी पडली तर मिनिटभर थांबायचं नाही, फोन. आणि दोन आठवडे गाल चोळायचे नाहीत.
म्हटलं, मॅडम, चोळण्यासारखे राहिले असते तर आलो असतो का?
हसल्या नाहीत. मधे काही कार्य वगैरे? नाही म्हणालो. बहिणीच्या पोरीचं लग्न आहे २४ला, पण तिथं मामानं नुसतं उभं राहायचं. ते काय सांगायचं!
सुया. परत येताना बसमध्ये तोंडाला रुमाल.

१८ फेब्रु., बुध.
सूज. शोभा: “अहो, तोंड कावून सुजलं जी?”
मधमाशी.
“दोन्ही गालाले? मापं घेऊन चावली काय?”
बर्फ आणून दिला. अजून काही विचारलं नाही. तिचं न विचारणं मला परवडत नाही.

२१ फेब्रु., शनि.
सूज उतरली. पाट बुजले. खरं सांगतो, दाढी करताना दोनदा थांबलो. दहा वर्षं वजा. सचिवाच्या पडद्याला आता…
कुंदाचा फोन मोर्शीहून. “दादा, जुना सदरा आण. नवरीची उष्टी हळद आधी मामाले. मांगच्या खेपेले तू चुकवली होतीस, यंदा सोडत नाही.”
फोन ठेवला आणि बसलो. मुहूर्ताचे दिवस मोजले, हळदीचा मोजलाच नाही. मोठ्या भाचीच्या हळदीला गेलो नव्हतो तेव्हा कुंदा वर्षभर बोलली नाही. सांगावं तर काय सांगावं? तुझ्या दादाच्या गालात…

२२ फेब्रु., रवि. मोर्शी
आलो. मांडवात फिरताना हात सारखा गालावर. शोभा बघते.
ठरवलं: उद्या स्वतःच बोटभर घेऊन कपाळाला लावायची आणि सटकायचं.

२३ फेब्रु., सोम. मोर्शी, दुपार
सटकलो नाही. कुंदाच्या जावांनी मागून धरलं. “मामा लाजून राहिले बाप्पा! चोळा वो, नीट चोळा!” चार हात. मी ओरडलो, खरंच ओरडलो. त्या म्हणाल्या, काय नाटकी माणूस हाये. आयुष्यभर लोकांना हसवलं त्याचं फळ: ओरडलो तरी हसतात.
तासाभरात डावा गाल ठणकायला लागला. दाढदुखीसारखा, पण वाढत जाणारा. मोरीत जाऊन डॉक्टरांना फोन. व्हिडिओ लावायला सांगितला. “बोटानं दाबून सोडा. रंग परत येतो का?”
कोणता रंग? मी पिवळा.
“धुऊन या. पण चोळू नका.”
मॅडम, न चोळता निघाली तर ती हळद कसली?
त्या म्हणाल्या, “लगेच निघा.”
मोरीचं दार उघडलं तर बाहेर शोभा. सगळं सांगितलं, एका दमात, विनोदाशिवाय.

त्याच दिवशी, गाडीत
गाडी भाड्याची, थेट अकोल्याला. शोभाने कुंदाला सांगितलं, दाढ. कुंदा फाटकापर्यंत आली. “दादा, उद्या मामाशिवाय पोरगी मांडवात कशी आणू?” येतो म्हणालो. कशाच्या भरवशावर?
अमरावती मागं पडली. ठणका कानापर्यंत. अक्षर हलतंय, गाडीमुळे.
शोभा: “मले कावून नाही सांगितलं?”
“तू हसली असतीस.”
“हसले असते. मंग संग आले असते.”
मूर्तिजापूर. डॉक्टरांचा परत फोन: खोबरेल तेलात कापूस बुडवून हळूहळू टिपत या, आल्या आल्या बघते. शोभा टिपते आहे. तीस वर्षांत इतक्या हलक्या हातानं तिनं मला… कापूस पिवळा, दुसरा पिवळा, तिसरा. विचारलं, खाली कातडी पांढरी दिसते का?
तिनं गाल उजेडाकडं वळवला. बराच वेळ बघितलं.
“अजून हळदच दिसून राहिली. थांबा.”