समाचाराला येणारी माणसं

आई, काल तुझ्या जावयाच्या आत्याला मी दारातूनच परत पाठवलं. दादरहून आल्या होत्या, हातात नारळाच्या वड्यांचा डबा आणि नाक चोंदलेलं. "अगं, एवढ्या उन्हातून आले मी, पोरीचं तोंड तरी बघू दे." मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्हाला सर्दी आहे. उद्या व्हिडिओ कॉल लावून देते, घरून बघा." डबा घेतला आणि दार लावलं. संध्याकाळी तुझा जावई म्हणाला, "जरा नीट सांगता आलं असतं." नीट वागण्यापायीच माझा भाऊ गेला, हे त्याला नाही सांगितलं मी. तुला सांगते.

तू नात पाहिलीच नाहीस, ती व्हायच्या आधीच गेलीस. पहिलीत आहे, म्हणजे असायला हवी होती. रक्ताचा आजार आहे तिला आणि औषधांनी अंगातली ताकद पार धुऊन काढली आहे. साध्या सर्दीलासुद्धा ती पुरी पडणार नाही. त्यामुळे परळच्या या घरातली आतली खोली मी तिची करून टाकली आहे. औषधं द्यायला दंडातून एक बारीक नळी आत गेली आहे, ती सलाइनने धुवायची, ड्रेसिंग बदलायचं, ताप बघायचा. हॉस्पिटलातल्या सिस्टरनी सगळं शिकवलं. मी सिरिंज उभी धरून टिचकी मारते आणि ही विचारते, "आई, बुडबुडा गेला का?" हात थरथरत नाहीत माझे. तुझेही थरथरत नसत.

त्याचाच तर जास्त संताप येतो. तू अडाणी नव्हतीस. ठाकूरद्वारच्या त्या एका खोलीत तू रोज सकाळी भावाची लघवी काचेच्या नळीत घेऊन स्टोव्हवर तापवायचीस. पांढरी झाली की मूत्रपिंडं पुन्हा बिघडली, हे तुला डॉक्टरांच्या आधी कळायचं. त्याला एकट्याला मीठ बंद नको म्हणून आपण सगळेच अळणी आमटी जेवायचो, बाबासुद्धा कुरकुर न करता. गोळ्यांनी त्याचे गाल फुगले होते, मी त्याला लाडू म्हणायचे, तो चिडायचा. आणि डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं तुला, "या गोळ्यांनी अंगातली ताकद जाते, त्या चालू आहेत तोवर कांजिण्या आलेलं मूल याच्या जवळपास फिरकू द्यायचं नाही." तू मान डोलावलीस.

पण आपलं दार रात्री झोपतानाच लागायचं. चाळीतलं कोणीही यायचं, पलंगाच्या कडेला टेकायचं, त्याच्या पायाला बोट लावून सूज बघायचं. तू चहा टाकायचीस. त्या दिवशी समोरच्या मावशी नातवाला कडेवर घेऊन आल्या. पोराच्या मानेवर पुटकुळ्या. "उष्णतेच्या गो, काय नाय," मावशी म्हणाल्या. तू पाहिल्यास त्या पुटकुळ्या, आई. मी तुझ्याकडे बघत होते, तुझी नजर तिथे गेली आणि परत आली. मी तुझा पदर ओढला. तू माझा हात झटकलास आणि त्या पोराला बिस्किट दिलंस. त्याने अर्धं खाल्लं आणि उरलेलं माझ्या भावाच्या हातात ठेवलं.

पुढचं तुला माहीत आहे. त्या कांजिण्यांतून तो उठला नाही. आपल्या घरी चूल पेटली नाही तेव्हा पिठलंभात त्याच मावशींनी आणला, रडत रडत, आणि तू तो मला वाढलास. मी ताट सरकवलं तर म्हणालीस, "माणसांनी केलेलं असं लोटू नये." पुढे मोठी झाल्यावर एकदाच मी विषय काढला. तू भाजी निवडत होतीस. "दारात आलेल्या माणसाला जा कसं म्हणायचं?" एवढंच म्हणालीस आणि पुन्हा निवडायला लागलीस. कसं म्हणायचं? असं, आई. काल मी म्हटलं तसं. जीभ झडत नाही. फार तर लोक माणूसघाणी म्हणतात. म्हणोत.

आज सकाळी लेकीने विचारलं, "काल कोण आलं होतं? मला न भेटताच गेले?" तिला वड्या दिल्या नाहीत, बाहेरचं काही चालत नाही. ती झोपल्यावर ओट्यापाशी उभ्याने मीच खाल्ल्या. खाता खाता लक्षात आलं, नवरा ऑफिसला गेला की दिवसभरात माझ्याशी मोठं माणूस कोणी बोलत नाही. बाबा कोर्टात कारकुनी करायचे, सकाळी जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. त्या खोलीत तुझ्याजवळ दिवसभर कोण होतं, हे मी तेव्हा कधी मनात आणलं नव्हतं. म्हणून तुला माफ केलं असं समजू नकोस. नाही केलं.

पण लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की मी हातातलं काम टाकून ऐकत राहते. आत कोणाला घेणार नाही. तरी बेल वाजावी असं वाटतं.