जिन्याखालच्या अडगळीचं भाडं

प्रिय खारुताई,

तुझ्या आत्याला घरमालकाची नोटीस आली आहे. पुढच्या महिन्यापासून भाडं दीडपट, नाहीतर घर खाली करा. घरमालक आहे, तो मागणारच. पण नोटिशीला जोडलेला कागद मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. तू नगरपालिकेसाठी बनवलेल्या डॅशबोर्डवरचा, गल्लोगल्लीची भाडी रंगांत दाखवणारा नकाशा होता तो. आपली गल्ली लालभडक, म्हणजे सगळ्यात महाग, आणि खाली लिहिलेलं, ‘नगरपालिकेच्या आकडेवारीनुसार चालू दर’. आत्या भांडलीसुद्धा नाही. म्हणाली, आपल्या पोरीने केलंय म्हणजे खरंच असणार रे, मी दुसरीकडे खोली बघते. तीस वर्षं त्या घरात राहिलेली बाई!

तू तो डॅशबोर्ड पहिल्यांदा दाखवलास तेव्हा मी केवढं भाषण ठोकलं होतं! घरांचे भाव आजवर दलालाच्या पोटात असायचे, आता भाडेकरू बोट ठेवील तिथे ते बाहेर येतील, वगैरे. तू म्हणालीस, बाबा, ही सभा नाही, आपलं स्वयंपाकघर आहे. त्या भाषणातला शब्दन् शब्द मला अजून मान्य आहे. म्हणूनच झोप उडाली.

मी गल्लीत दारोदार फिरलो. बेकरीवाला, वरच्या मजल्यावरची नर्स, निवृत्त पोस्टमन. लाल रंगाइतकं भाडं एकही जण देत नाही. मग तो रंग आला कुठून? कोपऱ्यावरच्या दलालाकडे माझं लक्ष गेलं. एकाच रिकाम्या खोलीची तो पुन्हा पुन्हा नवी जाहिरात टाकतो आणि दर वेळी भाडं चढवतो. कोणी राहायला येत नाही, आणि त्याचं त्याला दुःखही नाही. ज्या दुकानदाराला माल विकायचा नाही, त्याला नक्की काय विकायचं असतं?

मग मी एक उद्योग केला. मागच्या गल्लीतल्या शिंप्याच्या जिन्याखाली मोडक्या मशिनींची अडगळ आहे. ताठ उभं राहिलं की टाळकं आपटतं. तिची जाहिरात टाकली, ‘हवेशीर, शांत’, भाडं बंगल्याचं. शिंपी म्हणाला, काका, एवढं मिळत असेल तर मी कात्री खाली ठेवतो. आठवडाभरात पिवळी गल्ली नारिंगी झाली! जाहिरात काढून टाकली, तरी नारिंगी ती नारिंगीच. म्हणजे तुमचा नकाशा जाहिरातीत मागितलेलं भाडं मोजतो, दिलेलं नाही. लहान गल्लीत जाहिराती असतात दोन-चार. एकाने मनात आणलं की सगळी गल्ली रंगते.

आता जे लिहायला हात धजत नाही ते लिहितो. मागच्या खेपेला मी तुला सहज विचारलं होतं, हे आकडे येतात कुठून. तू कप विसळायला उठलीस. कपात अर्धा चहा होता. नंतर डॅशबोर्डच्या उद्घाटनाचा फोटो पाहिला, तर दलालांच्या संघटनेचा अध्यक्ष तुला खेटून उभा, दात काढून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. बापाच्या मनात काय असतं याची म्हण अजून कोणी केलेली नाही.

रविवारी भाडेकरूंची सभा आहे. आत्या पहिल्या रांगेत असेल. मी तो नकाशा लावून अडगळीची गोष्ट सांगणार आहे. हे कुणी बनवलं असं कोणीतरी विचारेल, आणि मी सांगेन, माझ्या मुलीने. पुढचा प्रश्न येईल, तिला हे माहीत होतं का? जन्मभर मी समोरच्याला निरुत्तर करत आलो. या प्रश्नावर माझी जीभ उचलणार नाही. म्हणून हे पत्र. माहीत नव्हतं, तर ये आणि माझ्या शेजारी उभी राहून सांग. माहीत होतं, तरी ये. मग मी तुझ्याविषयी चकार शब्द काढणार नाही. माईक तुझ्या हाती देईन, आणि खाली आत्याजवळ बसून ऐकेन.

काहीही झालं तरी तुझाच,
बाबा